ठराव क्रमांक चार

इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे.
मिरज जंक्शनवर तीस वर्षं पार्सलच्या पावत्या लिहिल्या,
त्यामुळे ओळ सरळ, खाडाखोड नाही.
हजर सभासद सात. प्रार्थनेने सुरुवात.
ठराव क्रमांक चार :
सगुणाबाई लोखंडे यांनी नातवाच्या आजारपणात
दर्ग्याच्या जाळीला दोरा बांधल्याचे
मंडळीतील दोन बहिणींनी पाहिले.
सबब सहा महिने त्यांनी प्रभुभोजन घेऊ नये.
अनुमोदक : मी.

बाई भिंतीशी उभ्या होत्या,
खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही.
पाळकसाहेब म्हणाले, काही बोलायचंय?
"बांधला की," म्हणाल्या.
"पोराला रात्रीत तीन झटके आले.
दवाखान्याच्या जिन्याखाली गुडघे टेकले, प्रार्थना केली,
उठले तर पाय चालतच राहिले.
दोरेवालीनं पैसेसुद्धा घेतले नाहीत."
मग माझ्याकडं पाहिलं त्यांनी.
रागानं नाही.
बाजारात ओळखीचं माणूस दिसावं, तसं.
मी पेनाला टोपण लावलं.

आता वहीत नाही ते.
ज्या साली मनोरमा
मिशनच्या त्याच दवाखान्यात, खिडकीकडच्या खाटेवर
सांगलीच्या पेठेतल्या हळदीसारखी होत गेली,
त्या साली मी शेवटच्या एसटीनं बेडगला गेलो होतो.
शिवेवरच्या म्हसोबाचा अंगारा
कोऱ्या पावतीत बांधून आणला,
तिच्या उशीखाली सरकवला,
आणि उशीशी आजोबांचं जाड बायबल ठेवलं,
पातेल्यावर झाकण ठेवतात तसं.
त्याच महिन्यात तरुण संघात प्रीतीवर बोललो.
मुद्दे काढून. पाच.

बावीस दिवस ती तिथं होती.
रोज सकाळी चादर बदलली जायची,
रोज पुडी जागच्या जागी असायची.
मला वाटायचं, कुणाला सापडलीच नाही.
एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला
अठरा वर्षं आणि एक नजर लागली :
उशी उचलल्याशिवाय चादर निघत नाही.

पाण्याच्या टाकीमागं त्यांची खोली.
योनानं दार उघडलं, शाळेच्या चड्डीत,
तोंडात पेन्सिल.
बाई रोजावर आणलेले बेदाणे निवडत होत्या,
काड्या एकीकडं, काळे एकीकडं.
मी म्हणालो, तुम्ही तेव्हा त्या वॉर्डात—
"आया होते."
तर मग ती पुडी—
"चादर बदलायचं माझं काम होतं, काका.
उशीखालचं ज्याचं त्याचं."
आणि कमिटीत? का नाही बोललात?
त्यांनी सुपातला एक खडा उचलला,
बराच वेळ बघितला, टाकला.
"मनोरमाबाईंची जीभ कोरडी पडायची हो शेवटी.
एकेक बेदाणा भिजवून घालायचे मी.
तुम्ही ड्युटीवर असायचा."

हे मला माहीत नव्हतं.
ती गोड खाऊन गेली, हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पहिला बाक सोडला,
मागं, चपलांजवळ, त्यांच्या शेजारी बसलो.
भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं.
मी पुढं दिलं.
बाई कुजबुजल्या, चांगल्याच वैतागून :
"आता हे कशाला? घ्यायचं की गप."
मला तेही जमलं नाही धड.
भुकेला दाखवून उपाशी राहणं
हाही एक तोराच असतो बहुतेक.

ठराव अजून वहीत आहे.
माझ्याच अक्षरात, सरळ ओळीत.
पुढच्या बैठकीसाठी विषय क्रमांक एक लिहून ठेवलाय,
त्यात नाव माझं आहे, म्हसोबा आहे, तारीखही आहे,
आणि खाली, चार रद्द करावा, एवढंच.
सूचक : मी.
अनुमोदकाची जागा कोरी आहे.
सातांपैकी कुणाच्या उशीखाली काय असेल,
ते मी विचारणार नाही.